लघुग्रह टळला, भाची टळेना

पत्र : ताई, माझं वय पन्नाशीचं, नोकरी हिशेबाची आणि विरंगुळा मोबाइलचा. विज्ञान-तंत्रज्ञानाची कुठलीही बातमी दिसली की खाली एखादी खुसखुशीत कॉमेंट टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवा रोबो आला की ‘आमच्या साहेबांपेक्षा हसरा दिसतोय.’ मंगळावर पाण्याच्या खुणा सापडल्या की ‘नळ कधी येणार?’ लोक हसतात, मलाही बरं वाटतं. कुणाला शिवी नाही, कुणाची जात-धर्म काढणं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत बातमी आली, की २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह २०३२मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली. मी लिहिलं, ‘चला, गृहकर्जाचे शेवटचे हप्ते वाचले!’ बऱ्यापैकी हशा पिकला. आणि त्याखाली माझ्या सख्ख्या भाचीने सगळ्यांसमक्ष लिहिलं, ‘मामा, बातमी उघडलीस तरी का?’ तिच्या या एका ओळीला माझ्यापेक्षा जास्त लाइक मिळाले. लघुग्रह टळला, पण तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. समोरासमोर आलो की ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’, संपलं. विनोद करणं गुन्हा आहे का? ती कॉमेंट काढून टाकू का? की तिलाच सांगू, जरा हसायला शीक म्हणून?
– एक विनोदी मामा

ता. क. भाची खगोलशास्त्रात पीएच.डी. करते आहे. लघुग्रहांच्या कक्षा वगैरे काहीतरी.

उत्तर : मामा (सहीच तशी केलीत, तर मीही तेच म्हणते),

महत्त्वाची गोष्ट ता. क.मध्ये ढकलायची खोड या सदराला पत्र लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना असते, पण तुम्ही कमालच केलीत. ‘लघुग्रहांच्या कक्षा वगैरे काहीतरी’! या ‘वगैरे काहीतरी’कडे मी परत येणार आहे. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू.

विनोद करणं अजिबात गुन्हा नाही. विज्ञानाच्या बातमीवर तर नाहीच, कारण ते काम करणारी मंडळी स्वतःच पहिल्या नंबरची टवाळ असतात. आंद्रे गाइम या भौतिकशास्त्रज्ञाने शक्तिशाली चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला आणि त्यासाठी २००० साली इग नोबेल मिळवलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतो तो हा पुरस्कार. याच गाइमने पुढे एका शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपल्या पाळीव हॅमस्टरचं, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याचं, नाव टाकलं. आणि २०१०मध्ये ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरावरच्या कामासाठी, त्यालाच खरंखुरं नोबेलही मिळालं. संगणकवाले याहून इरसाल. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज ज्या मालिकेत निघतात, त्या मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी कबुतरांमार्फत डेटा कसा पाठवावा याची रीतसर पद्धत प्रसिद्ध झाली. २००१मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काही उत्साही लोकांनी ती खरोखर करून पाहिली. नऊ निरोप पाठवले, चार उत्तरं आली आणि त्यातल्या सगळ्यात चपळ उत्तरालाही ५० मिनिटांच्या वर लागली. तेव्हा तुमची भाची ज्या जगात वावरते तिथे हसण्याला बंदी आहे, असं कृपा करून समजू नका.

तुम्ही कॉमेंटच्या शेवटी जो हसरा चेहरा टाकता ना, त्याचा जन्मही अशाच एका भानगडीतून झाला आहे. १९८२मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर एक कोडं रंगलं होतं. लिफ्टची दोरी तुटून ती मुक्तपणे खाली कोसळतेय, आत भिंतीवर पेटती मेणबत्ती आहे आणि जमिनीवर पाऱ्याचा थेंब. तर दोघांचं काय होईल? चर्चा रंगात आल्यावर एकाने गमतीत इशारा देऊन टाकला, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडची लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे आणि किंचित जळालीही आहे. ज्यांनी मागचं वाचलं नव्हतं त्यांना ते खरंच वाटलं. मग विनोद ओळखायचा कसा यावर काथ्याकूट झाला आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की गमतीत लिहिलं असेल तर कोलन, मग आडवी रेघ, मग कंस टाकावा आणि वाचणाऱ्याने मान वाकडी करून बघावं. इथे गडबड विनोद करणाऱ्याने केली नव्हती. मागचं न वाचता आलेल्यांनी केली होती. तुमच्या बाबतीत नेमकं उलटं झालंय, मामा. इथे न वाचता आलेला माणूसच विनोद करून गेला.

आता तुमची ती कॉमेंट जरा उजेडात धरू. ‘हप्ते वाचले’ हा विनोद वाईट नाही, पण फार झिजलाय. आकाशातून काहीही येतंय म्हटलं की जगातल्या झाडून सगळ्या भाषांत कुणाचे हप्ते वाचतात, कुणाची परीक्षा रद्द होते, कुणाची सोमवारची मीटिंग टळते. त्यासाठी बातमी उघडावी लागत नाही, मथळा पुरतो. आणि खरी मजा नेमकी मथळ्याच्या खाली होती.

२०२४ वायआर४ सापडला तो २७ डिसेंबर २०२४ला, चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला. सापडला तेव्हा तो पृथ्वीजवळून पुढे निघून चालला होता. थोड्या दिवसांच्या नोंदी हातात, आणि त्यावरून काढायचं काय, तर जवळपास आठ वर्षांनंतर, २२ डिसेंबर २०३२ला तो कुठे असेल! अशा गणिताचं उत्तर एका ठिपक्यात येत नाही. एक लांबलचक पट्टा मिळतो आणि लघुग्रह त्यात कुठेतरी असणार, एवढंच म्हणता येतं. पृथ्वी त्या पट्ट्यात सापडली होती. निरीक्षणं वाढत गेली तसा पट्टा आखडत गेला, पण पृथ्वी अजून आतच होती. पट्टा लहान झाला आणि पृथ्वी तेवढीच राहिली, म्हणजे पट्ट्यातला तिचा वाटा वाढला. टक्के वाढले ते असे. घरात किल्ली हरवली की एकेक खोली शोधून होते, तसतसा ‘कपाटातच असणार’ हा संशय बळावत जातो. किल्ली जागची हललेली नसते आणि कपाट उघडल्यावर आत नसतेही. इथेही तेच झालं. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के, म्हणजे या आकाराच्या कुठल्याही लघुग्रहासाठी नोंदवलेली सगळ्यात मोठी शक्यता. पुढच्या आठवड्याभरात पट्टा इतका आक्रसला की पृथ्वी बाहेर पडली आणि आकडा ०.००४ टक्क्यांवर घसरला. असं होण्याची शक्यताच जास्त आहे, हे संशोधक पहिल्यापासून सांगत होते. ते सगळं बातमीत होतं. भाची म्हणते तसं, उघडायची तेवढी होती.

हे वाचलेल्या माणसाला काय सुचलं असतं? ‘९६.९ टक्के शक्यता आहे, की हप्ते भरावे लागतील. कृपया बँकेला कळवू नये.’ बघा, हप्ते तेच, लघुग्रह तोच, पण आता तुम्ही बातमीच्या आत उभे राहून बोलताय. तुमची नोकरी हिशेबाची. १०० मधून ३.१ वजा करायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता?

२०११ची एक गंमत सांगते. युरोपातल्या ऑपेरा प्रयोगाने सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, की स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोकडे सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसताहेत. आइन्स्टाइनची पंचाईत! ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलीली यांनी हे खरं ठरलं तर टीव्हीवर आपली चड्डी खाऊन दाखवीन, असं कबूल केलं. आणि एक विनोद जगभर फिरला : “‘आम्ही न्यूट्रिनोंना आत घेत नाही,’ बारवाला म्हणतो. एक न्यूट्रिनो बारमध्ये शिरतो.” उलटा लागला ना? तेच त्यातलं मर्म. प्रकाशाला मागे टाकलंत तर परिणाम आधी आणि कारण नंतर अशी वेळ येऊ शकते, हे ज्याला कळलं त्यालाच तो सुचला आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांना त्या विनोदानेच समजावलं. पुढे एका ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसली नव्हती असं निष्पन्न झालं आणि अल-खलीलींची चड्डी वाचली.

अणुसंमीलनाचंही, म्हणजे सूर्यासारखे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवण्याचंही, तसंच. ‘ही वीज कायम तीसच वर्षं लांब असते’ हा टोमणा प्रत्येक बातमीखाली ठरलेला. ५ डिसेंबर २०२२ला अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, तेव्हाही तोच. पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढावे लागले होते, हा तपशील खाली कुठेतरी विनोदी माणसाची वाट बघत पडून होता.

आता ता. क.

भाची लघुग्रहांच्या कक्षांवरच काम करते. म्हणजे तो आखडणारा पट्टा हा तिचा रोजचा धंदा. तिच्या विषयावर एरवी घरात कोण बोलतं? ‘संपलं का गं शिक्षण?’ आणि ‘मग नोकरी कुठे?’ याच्या पुढे गाडी जात नसणार. आणि एका आठवड्यात तिचा विषय जगभर गाजला. प्रत्येकाच्या तोंडी तोच आकडा. त्या आठवड्यात निदान मामा फोन करून ‘काय गं हे प्रकरण?’ एवढं विचारेल, असं तिला वाटलं असेल. मामाने हप्त्यांची कॉमेंट टाकली. मी तिला ओळखत नाही, पण तिचं वाक्य तुम्हीच मला जसंच्या तसं पाठवलंय आणि त्यात विनोदाबद्दल एक अक्षर नाही. तिने बातमीबद्दल विचारलं आहे. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून तिलाही दिलेलं नाही आणि मलाही नाही. पूर्ण पत्र दोनदा वाचलं, ‘हो, उघडली होती’ किंवा ‘नाही’ असं कुठेच सापडलं नाही.

म्हणून ‘जरा हसायला शीक’ हे मात्र तोंडातून काढू नका. ती शिकलेलीच आहे. भर सभेत, एका ओळीत, नेमक्या वेळी तिने तुमचा त्रिफळा उडवला. लोक तिच्या बाजूने हसले. आजोळचा गुण उतरलाय तो. तुम्हाला त्याचा राग यावा हे मला कळतं, पण त्याचा थोडा अभिमानही वाटायला हवा.

छंद सोडा असंही मी म्हणत नाही. थोडा खर्चिक करा, म्हणजे वेळेच्या हिशेबाने. जेम्स हेदर्स या संशोधकाने २०१९मध्ये ट्विटरवर एक खातं उघडलं. ‘अमुक रोगावर उपाय सापडला’, ‘तमुक खाल्ल्याने स्मरणशक्ती वाढते’ अशा बातम्या तो पुढे पाठवायचा आणि वर फक्त एवढंच लिहायचा : उंदरांमध्ये. बस्स. मला तरी विज्ञानाच्या बातम्यांवरची ही सगळ्यात तेज कॉमेंट वाटते, कारण ती करायची तर बातमी उघडावीच लागते. उंदीर मथळ्यात नसतो, आत असतो. तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूने हा प्रकार करून बघावा. रोबोच्या बातमीत तो रोबो स्वतः चालत होता की पडद्याआडून कुणी रिमोटने चालवत होतं, ते शोधा. ‘चार्जिंग आता पाच मिनिटांत’ असेल तर ती बॅटरी फोनची होती की बटणाएवढी, ते बघा. ‘वैज्ञानिक चक्रावले’ असेल तर चक्रावलेला एक तरी वैज्ञानिक बातमीत आहे का, ते मोजा. विनोदांना तोटा पडणार नाही.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. जिथे माणसं अजून सापडायची आहेत तिथे. जून २०२३मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली टायटन पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा शोध चालू असतानाच, ती ज्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने चालवली जायची त्यावर कोट्यांचा पूर आला होता. आत पाच जण होते, त्यातला एक १९ वर्षांचा. कोट्या सुचणं समजू शकते. पण त्या चार दिवसांत त्या टाकायलाच हव्यात असं नव्हतं. याउलट १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडून त्यांचे पडदे निळे झाले, तेव्हा सगळ्यात चांगले विनोद विमानतळावर अडकलेल्यांनी आणि रात्रभर संगणक सुरू करत बसलेल्या आयटीवाल्यांनीच केले. त्यांचा तो हक्कच होता.

दुसरी जागा, जिथे कुणी खरोखरचा प्रश्न विचारलाय तिथे. एकाने एकदा रेडिटवर विचारलं, की पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करू? एका टवाळाने खाली उत्तर दिलं, सॉसमध्ये थोडा बिनविषारी गोंद घाल. हसून विषय संपला. ११ वर्षांनी, मे २०२४मध्ये, गूगलच्या एआयने तोच गोंद अगदी गंभीर चेहऱ्याने लोकांना सुचवला. माणसांना निदान सूर कळतो. यंत्राने वाचलं ते फक्त उत्तर. आणि माणसांचाही फार भरवसा नाही म्हणा : जुलै २०२२मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन क्लाइन यांनी चोरिझो सॉसेजच्या चकतीचा फोटो ‘जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी तारा’ म्हणून टाकला आणि लोकांनी तो भक्तिभावाने पुढे पाठवला. शेवटी त्यांना माफी मागावी लागली. शास्त्रज्ञाची थट्टा शास्त्रज्ञ असल्यामुळेच खरी वाटते; तुमच्यावर ती आपत्ती येण्याची शक्यता ३.१ टक्क्यांहून कमी आहे, तेव्हा ती चिंता नको.

राहिली ती कॉमेंट. काढू नका. इतक्या दिवसांनी काढलीत तर रुसून काढली असं दिसेल, आणि बऱ्याच ठिकाणी मूळ कॉमेंट गेली की खालची उत्तरंही जातात. तिचं वाक्य पुसायचा तुम्हाला काय अधिकार? त्यापेक्षा तिच्या ओळीखाली, जिथे सगळे बघतील तिथेच, उत्तर द्या : ‘आत्ता उघडली. ०.००४ टक्के. हप्ते चालू.’ यापुढे एक शब्द नको. सॉरी नको, हात जोडलेले नकोत, बदाम नकोत.

आणि मग, हे झाल्यावर, फोन. मेसेज नाही, फोन. त्या फोनवर कॉमेंटचा विषय तुम्ही काढू नका, तिने काढला तर हसा. तुम्ही अपोफिसबद्दल विचारा. १३ एप्रिल २०२९ला, शुक्रवारी, हा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे आपले टीव्हीचे उपग्रह जिथे फिरतात त्याच्याही आतून. २००४मध्ये याचीही शक्यता २.७ टक्क्यांवर चढली होती आणि मग अशीच उतरली. तो आदळणार नाही, हे पक्कं झालेलं आहे. त्या आठवड्यात हप्त्यांचे विनोद धो धो कोसळणार, आणि तुमच्याकडे तयारीला भरपूर अवधी आहे. तिला विचारा, याचा पट्टा कसा आखडत गेला ते मला नीट सांग, आणि त्यावर तुमच्या प्रयोगशाळेत चालणारा एखादा विनोदही सांग. तो तुम्हाला पहिल्या झटक्यात कळणार नाही. समजावून मागा. ती म्हणेल, ‘मामा, वेळ लागेल हं.’ तेव्हा आधी फोनला चार्जर लावून घ्या.

– ताई